उलट आलेली किक

आमच्या यांना सगळी गल्ली कानमास्तर म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलं असतं तर दुसरंच काहीतरी ठेवलं असतं, कारण घरात यांच्या कानांचा मला कधी फारसा उपयोग झाला नाही. मीठ संपलंय हे मी सकाळी सांगायचं, संध्याकाळी परत सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना यांनीच मला विचारायचं, भाजी अळणी का? पण मोटारसायकलीच्या बाबतीत यांचा कान म्हणजे कान. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हे आतूनच म्हणायचे, ‘हवा जास्त ओढतेय.’ गाडीवाला दारात येऊन रडगाणं सुरू करायच्या आत यांचा हात स्क्रूड्रायव्हरवर गेलेला असायचा.

गॅरेज म्हणजे एक लांबोडकी खोली. रस्त्याच्या बाजूला माझा काउंटर. त्यावर प्लग, केबली, ब्रेक शू, पॉइंटचे सेट, ऑइलचे डबे. मागच्या बाजूला हे. मधली फरशी तेलाने इतकी काळी झाली आहे, की ती धुवायचा नाद मी केव्हाच सोडला. हल्लीच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात, त्यांच्या पोटात काय असतं ते त्यांच्या कंपनीलाच ठाऊक. आमच्याकडे येतात त्या जुन्या, किक मारून सुरू होणाऱ्या, पॉइंटवाल्या. त्या गाड्यांची माणसंही तशीच, जुन्याला चिकटून राहणारी.

अशी गाडी दारात उभी असताना, हाताने रेस न देता, आपली आपण धडधडत राहिली पाहिजे. याला गॅरेजात ‘स्लोला बसणं’ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ठिणगी नेमकी कधी पडायची, हे झालं टायमिंग. आणि पेट्रोलात हवा किती मिसळायची, हे झालं मिश्रण. या दोघांचं जमलं तरच गाडी स्लोला बसते. नाहीतर ती खोकते, अंगात आल्यासारखी हलते किंवा एकदम गप होते. एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. संसार केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

दुसरे मेकॅनिक टायमिंगला बल्ब लावतात. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी बारीकशी पट्टी, उघडला की बल्ब पेटतो, आणि त्याच क्षणी आतल्या चाकावरची खूण बाहेरच्या खुणेसमोर आलेली असली पाहिजे. डोळे असले की झालं. हे त्या प्रकाराला हसायचे. ‘डोळ्यांनी ऐकणाऱ्यांनी लावावा बल्ब,’ म्हणायचे. यांची रीत निराळी होती. गाडी आधी चांगली तापवायची आणि मग हात वर करायचा. यांचा हात वर झाला की गल्ली चिडीचूप. शेजारचा वेल्डर ग्राइंडर बंद करायचा, दारातल्या बाकावर गप्पा हाणणारे मध्येच थांबायचे, मी ऑइलचा डबा फळीवर ठेवता ठेवता तसाच हातात धरून उभी राहायचे. मग हे डोळे मिटून पॉइंटची प्लेट केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचे. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू जरा सैल, जरा घट्ट. शेवटी डोळे उघडून म्हणायचे, ‘बसली.’ की बसली. त्यावर कोणी शंका काढायची नाही. यांचं काम तपासून बघणं म्हणजे यांचा अपमान करणं, असं सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, आणि यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कौतुक कुणाला नको असतं? मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हात वर झाल्यावर गल्ली गप्प व्हायची तेव्हा मी काउंटरमागे जरा ताठ उभी राहायचे.

यांचा कान जायला लागला तो नेमका कधी, हे मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं जो नवरा माझं ऐकतच नव्हता, त्याला ऐकू येत नाही हे मी ओळखायचं तरी कसं? कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि हे शेजारी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग दाराची बेल. मग फोन. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवू या. तर मलाच म्हणाले, की तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. मी! माझी हाक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाते, आणि मी तोंडातल्या तोंडात बोलते. दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून गेले. त्यानंतर घरातल्या घरात आम्ही दोघं असं वागू लागलो, की जणू काही झालेलंच नाही.

जाड आवाज यांना नीट येत होते. इंजिनाची धडधड, ट्रकचा भोंगा, वेल्डरचं खोकणं, सगळं येत होतं. गेले होते ते बारीक आवाज. पॉइंटची टिकटिक आणि ठिणगीचा तो कोरडा कडकडीतपणा, ज्याच्यावर यांची सगळी मास्तरकी उभी होती. हे सगळं मला मागाहून समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ‘बसली’ म्हणायला यांना वेळ लागतोय. डोळे मिटून बराच वेळ उभे राहतात, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून वाकून बसतात. बाकावरची माणसं म्हणायची, मास्तर आता आणखी बारकाईने बघायला लागले. वयाबरोबर हात मुरतो, वगैरे. हे ऐकून घ्यायचे. म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं.

त्या सुमारास मीटरवाले आले. म्हणजे वीजमंडळाचे मीटर वाचणारे. घरोघर फिरून आकडे टिपून न्यायचं काम. उंचेपुरे, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलण्यात इतके मवाळ की वाटेत कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर त्यालाही ‘जरा सरकता का’ म्हणतील. त्यांचं दुखणं असं होतं, की दर दारासमोर गाडी थांबवून ते मीटर बघायला आत जायचे, आणि तेवढ्यात गाडी गप व्हायची. दर घरामागे एक किक. दिवसभर असं करून गुडघ्याचं भुसकट व्हायची वेळ आली होती. गाडी दारात आपली धडधडत उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

यांनी गाडी तापवली, हात वर केला. गल्ली गप झाली. त्या दिवशी यांनी फार वेळ घेतला. प्लेट पुढे सरकवली, ऐकलं, आणखी पुढे सरकवली. आता मला कळतं की काय चाललं होतं. इंजिन चांगलंच वाजत होतं, पण यांना ते बोदं ऐकू येत होतं. ओळखीचा कडकडीतपणा काही केल्या येईना, म्हणून हे ठिणगी अलीकडे, आणखी अलीकडे ओढत होते. त्याने गाडी उभ्या जागी जोरात धडधडायला लागली, की यांनी रेसचा स्क्रू सैल करून तिला खाली आणलं, मिश्रण जुळवलं. बाहेरून ऐकणाऱ्याला गाडी झकास वाटावी. पण ठिणगी अशी वेळेच्या फार आधी पडायला लागली तर किक मारताना इंजिन उलट ढकलतं. पाय खाली जात असतो आणि लोखंडी दांडा वर येतो.

‘बसली,’ हे म्हणाले. मीटरवाल्यांनी दोन्ही हात जोडले आणि गेले.

पुढे बरेच दिवस त्यांची गाडी आमच्या दारावरून जाताना मी बघत होते. एकदा समोरच्या घरी ते मीटर बघायला गेले तेव्हा गाडी दारात शहाण्या बाळासारखी धडधडत होती. मी यांना खुणेने दाखवलं. हे खूश झाले.

मग एके दिवशी सकाळी वेल्डर सांगत आला, की मीटरवाल्यांचा पाय मोडला. घरासमोरच गाडीला किक मारत होते. दांडा उलटा आला आणि नडगीवर बसला. घोट्याच्या वर हाड दोन ठिकाणी गेलं होतं. ऑपरेशन करून आत सळई घातली होती.

ते घरी आले तसे आम्ही फळं घेऊन बघायला गेलो. खिडकीपाशी खाट, प्लास्टरचा पाय घडी केलेल्या ब्लँकेटवर, उशाशी औषधांच्या बाटल्यांचा ट्रे. त्यांची बायको म्हणजे मुलखाची फटकळ. आमच्यादेखतच नवऱ्यावर करवादली, की इतकी वर्षं किक मारतोय हा माणूस, आणि आता याला पाय कुठे टाकायचा ते कळेना. मीटरवाले कसंनुसं हसले. आणि यांना म्हणाले, ‘मास्तर, माझंच चुकलं हो. तुम्ही एवढी मन लावून गाडी बसवून दिली आणि मी असा धांदरटपणा केला. तुम्हाला उगाच वाईट वाटलं असेल.’

पाय मोडलेला माणूस आमची माफी मागत होता. आणि यांनी काय करावं? यांनी त्यांना उपदेश केला. किक मारताना पाय मध्येच सोडायचा नसतो, टाच अशी टेकवायची, वजन असं टाकायचं, असं उभं राहून, स्वतःचा पाय उचलून दाखवलं. मीटरवाले पडल्या पडल्या मान डोलवत होते. तेव्हा यांना काही माहीत नव्हतं, एवढंच यांच्या बाजूने म्हणता येईल.

दोन-चार दिवसांनी मीटरवाल्यांनी निरोप पाठवला, की मला आता ती गाडी नको, मास्तरांना सांगा गिऱ्हाईक बघा. वेल्डरने गाडी ढकलत आणून आमच्या दारात लावली. दुपारची वेळ होती, बाकावर कोणी नव्हतं. हे गाडीपाशी गेले आणि सवयीने किक मारली. दांडा असा काही उसळून वर आला, की यांचा पाय वेळीच निसटला म्हणून वाचला. हे लंगडत दोन पावलं मागे आले. परत पुढे गेले, हाताने दांडा दाबून बघितला. त्यानंतर माझ्या काउंटरपाशी आले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘एक बल्ब दे. आणि वायर.’

इतक्या वर्षांत यांनी माझ्याकडे बल्ब मागितला नव्हता. मी फळीवरून काढून दिला. हे खाली बसले, वायरी जोडल्या, चाक हाताने हळूहळू फिरवू लागले. मी काउंटरवरून वाकून बघत होते. बल्ब पेटला. खूण कुठे होती? खूण अजून वाटेतच होती, चांगली बोटभर मागे. हे चाक मागे नेऊन परत फिरवायला लागले. बल्ब तिथेच पेटला. तिसऱ्यांदा फिरवलं. मग यांनी वायरी काढल्या, नीट गुंडाळल्या, आणि बल्ब मुठीत धरून फरशीवरच बसून राहिले. मानेपासून कानाच्या पाळीपर्यंत लालबुंद झाले होते. मी यांना रागावलेलं बघितलंय, थकलेलं बघितलंय, सासरे गेले तेव्हा रडताना बघितलंय. लाजेने असं चूर झालेलं कधी बघितलं नव्हतं. मला पुढे व्हावंसं वाटलं आणि झालं नाही. अशा वेळी कोणी बघतंय हे कळलं तर माणसाला जास्त लागतं. मी पाठ फिरवून उगाचच प्लगची खोकी पुसत बसले.

शटर अर्धं खाली ओढून यांनी त्या गाडीचं टायमिंग बल्बवर लावलं. आणि मग यांच्या ध्यानात ते आलं, जे माझ्या मघापासून डोक्यात होतं. ही एकच गाडी थोडीच होती? गेल्या कित्येक महिन्यांत यांनी जेवढ्या गाड्यांना ‘बसली’ म्हटलं होतं, त्या सगळ्या तशाच फिरत होत्या, आणि त्यांची माणसं रोज सकाळी त्यांच्यावर पाय टाकत होती. कुणाची किक आधी उलटेल ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हे पायी फिरून एकेकाला गाठायला लागले आणि गाड्या परत बोलवायला लागले. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. मनातल्या मनात मी यांची पाठही थोपटली. गाड्या यायच्या, हे शटरआड नेऊन बल्बवर लावायचे, माणसं घेऊन जायची. दोन-तीन दिवस असे गेले. मग फोटो स्टुडिओवाला आला. त्याची गाडी झाल्यावर मी विचारलं, की केबल जुनी दिसतेय, नवी देऊ का? तर तो जरा अवघडला. म्हणाला, ‘वहिनी, राग मानू नका, पण केबल मी दुसरीकडून घेतो. पॉइंटचा माल असा निघाल्यावर जरा भीती वाटते.’

मी विचारलं, कुठला माल? तेव्हा त्याने सगळं सांगितलं. यांनी गावभर सांगितलं होतं, की पॉइंटचा एक अख्खा लॉट खराब निघाला, म्हणून टायमिंग सरकतंय. तो लॉट माझा. माझ्या काउंटरवरचा. खोका फोडून एकेक पॉइंट मी हातात घेऊन बघते, जरा तिरका दिसला तर परत पाठवते, आणि या माणसाने स्वतःचा कान झाकायला माझ्या दुकानावर चिखल फेकला होता.

संध्याकाळी मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि यांच्यासमोर उभी राहिले. समोरच उभी राहिले, म्हणजे तोंडाकडे बघून तरी कळेल. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माहेरच्यांपासून सुरुवात करून मी कुठे कुठे गेले. शेवटी म्हटलं, ‘माझे पॉइंट चांगले आहेत. बिघडलाय तुमचा कान, आणि ते म्हणायला तुमची जीभ उचलत नाही. एक माणूस खाटेवर पडलाय. तो तुमची माफी मागतोय आणि तुम्ही त्याला किक मारायला शिकवताय.’

हे स्टुलावर बसले होते. हात गुडघ्यांत धरलेले. मला वाटलं उठून जातील, ताटावरून गेले तसे. पण गेले नाहीत.

‘लाज वाटते गं,’ हे म्हणाले. ‘लोक माझ्यासाठी गप्प बसतात. मी हात वर करतो आणि अख्खी गल्ली थांबते. त्यांना काय सांगू? मी नुसताच डोळे मिटून उभा असतो म्हणून?’

माझा राग त्या क्षणी गेला असं नाही. पण मलाही तर ताठ उभं राहायला आवडत होतं. मग हेच म्हणाले, की आधी मीटरवाल्यांना सांगू, मग बाकीच्यांना, मग तुझ्या पॉइंटचंही. एवढं म्हणून यांनी अंगावरचा कळकट शर्ट बदलला, जणू कुणाच्या घरी बोलणी करायला जायचंय. हातपाय तीनतीनदा धुतले. मी म्हटलं, चला आता, नाहीतर विचार बदलेल. वाटेत एका वळणावर थांबले, मला वाटलं परत फिरतात, पण चपलेत खडा गेला होता.

मीटरवाल्यांची बायको स्वयंपाकघरात होती, बसा म्हणाली आणि आत गेली. आम्ही खाटेशेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलो. मीटरवाले उठून बसायची खटपट करू लागले, यांनी त्यांना हाताने थांबवलं. आणि प्रस्तावना वगैरे काही न करता सगळं सांगून टाकलं. गाडीचं टायमिंग चुकलं होतं. ठिणगी फार आधी पडत होती, म्हणून किक उलटली. टायमिंग चुकलं कारण मला ऐकू येत नाही. बरेच दिवस येत नाही. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. बोलताना हे त्यांच्या प्लास्टरकडे बघत होते. मी यांच्याकडे बघत होते, आणि मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मीटरवाल्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, की मास्तर, तुम्ही मोठ्या मनाचे आहात, मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. ऐकू येत नाही म्हणता आणि माझ्याशी तर चांगले बोलताय. हे म्हणाले, मी तुमच्या तोंडाकडे बघून कळून घेतो. मीटरवाले नुसते हसले. त्यांना ते पटतच नव्हतं, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. एवढं काळीज काढून समोर ठेवलं, आणि समोरचा माणूस ते भलेपणाने परत करत होता. यांचा चेहरा असा झाला, की मला बघवेना.

हे उठले. म्हणाले, ‘मी भिंतीकडे तोंड करतो. तुम्ही नेहमी बोलता तसं हळू काहीतरी बोला. काहीही बोला. मला आलं ऐकू तर मी खोटा.’

आणि खरंच वळले. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. खोलीत आम्ही तिघंच होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मीटरवाल्यांनी यांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मवाळ हसू हळूहळू गेलं.

‘पहिल्या दिवशीच उलटी आली होती किक, मास्तर,’ ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, पण मला शब्द न् शब्द येत होता. ‘मग रोजच यायची. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन पाय टाकायचो. बायकोलाही सांगितलं नाही. मी तुमच्या दारावरून कितीदा गेलो. पण सगळे बसलेले असायचे. त्यांच्यासमोर तुमचं काम चुकलंय असं कसं म्हणू? मलाच वेड्यात काढलं असतं. लाज वाटली मला. म्हणून नाही आलो.’

डोळे पुसायला त्यांनी पांघरुणाचं टोक घेतलं. आत भांडी वाजायची थांबली होती, आणि त्यांची बायको दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आम्ही तिघंही यांच्या पाठीकडे बघत होतो.

हे तसेच उभे होते, मान जरा कलती करून, वाट बघत.

‘बोला ना,’ हे म्हणाले. ‘काहीही बोला. लाजू नका.’

मीटरवाल्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नका सांगू म्हणून. मी उठले, यांच्या खांद्याला धरून यांना माझ्याकडे वळवलं. सांगायचं तर मलाच होतं, आणि हळू सांगून चालणार नव्हतं.